तांबड्या दिव्याची तार

घाटाच्या काही मैल अलीकडे, नदीच्या पुलावरून वर येणारी वाहने जिथे गियर बदलतात, त्या वळणावर एकदा एक वृद्ध यंत्रज्ञ राहत असे. पत्र्याचे छप्पर, पुढे चिंचेचे झाड आणि आत भिंतीवर आकारानुसार लावलेले पाने, एवढेच त्याचे गॅरेज; पण घाट चढण्यापूर्वी ज्याच्या मनात शंका येई, तो प्रत्येक जण तिथे थांबे. पंचक्रोशी त्याला वस्ताद म्हणे.

त्या गॅरेजात एक रीत होती. दारालगतच्या भिंतीवर काळा फळा टांगलेला असे आणि त्यावर खडूने दोन रकाने आखलेले असत. डाव्या रकान्यात गाडीचा क्रमांक, उजव्यात बिघाडाचे कारण. काय केले ते लिहायचे नाही. का बिघडले, तेवढेच लिहायचे. कारण सापडले नाही तर उजवा रकाना कोरा राही, आणि तो कोरा असेपर्यंत गाडी दाराबाहेर जात नसे. गिऱ्हाईक कितीही तावातावाने बोलो, वस्ताद फळ्याकडे बोट दाखवीत आणि म्हणत, "तो बोलत नाही तोवर मी काय बोलणार?"

रघुनाथ नावाचा तिशीतला एक शिष्य त्यांच्याजवळ चार वर्षे विद्या शिकत होता. विद्या हा शब्द येथे कुणाला मोठा वाटेल; परंतु ज्या कामात पाहणे आणि हुंगणे यांच्याइतकेच थांबणेही शिकावे लागते, त्याला दुसरा शब्द नाही. रघुनाथाचा हात चांगला होता. पाहणे त्याला आले होते, ऐकणेही आले होते. थांबणे तेवढे यायचे होते.

वैशाखात वस्ताद आठ दिवसांसाठी मिरजेला लेकीकडे गेले आणि गॅरेज प्रथमच एकट्या रघुनाथाच्या हाती आले. दुसऱ्याच दिवशी गावातला काजूचा व्यापारी आपली छोटी पांढरी मोटार घेऊन दारात उभा राहिला.

"रघू, हा तांबडा दिवा बघ रे. लागतो नि माझ्या छातीत धडधडायला लागतं."

दिव्याचा अर्थ रघुनाथाला ठाऊक होता. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची उष्णता पाणी उचलते, रेडिएटरपर्यंत आणते, तिथे वाऱ्याच्या स्वाधीन करते आणि पुन्हा आत जाते. हे फेरे अखंड चालू असले की इंजिन शांत राहते. त्यात कुठे खंड पडला की पाणी उकळू लागते आणि चालकासमोर तो दिवा लागतो. रघुनाथाने रेडिएटरचे झाकण उघडले. पाणी बरेच खाली गेले होते. त्याने ते भरले, झाकण लावले आणि गाडी दिली.

दोन दिवसांनी गाडी परत आली. पाणी पुन्हा कमी. या वेळी त्याने रबरी नळ्या चाचपल्या, त्यांच्या क्लिपा आवळल्या, गाडीखाली पुठ्ठा अंथरून तासभर थेंबाची वाट पाहिली. एकही थेंब पडला नाही. पाणी भरले, झाकण लावले, गाडी दिली.

मंगळवारी गाडी तिसऱ्यांदा आली. रघुनाथाने पंखा फिरतो का ते पाहिले, पट्टा ताणून पाहिला, पाण्याचा पंप तपासला, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि पतंगांचे पंख दात घासण्याच्या जुन्या ब्रशने काढले. मग पाणी भरून नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारली. जाताना दिवा लागला नाही. येताना चढाला लागला. तो डोळा उघडावा तसा उघडला आणि मिटेचना.

तो परतला तेव्हा चिंचेखालच्या बाकावर व्यापारी चार माणसांसह बसला होता.

"काय, झाली का?"

रघुनाथाने उत्तर देण्यापूर्वीच व्यापारी बाकीच्यांकडे वळला. "वस्ताद आठ दिवस नाहीत तर ही अवस्था. चार वर्षं नुसते पानेच पुसलेस काय रे? का वस्तादांनी हातचं राखून शिकवलं?"

माणसे हसली. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण रघुनाथाचे कान तापले. फळ्यावरचा कोरा रकाना त्याला समोर दिसत होता, आणि तो सगळ्यांना दिसतो आहे असे त्याला वाटले. अशा वेळी मनाला जो विचार सोयीचा असतो, तो फार लवकर सुचतो. नळ्या नीट आहेत, पंप नीट आहे, पंखा नीट आहे. मग दिवाच खोटा बोलत नसेल कशावरून?

त्याने गाडी आत घेतली, डॅशबोर्डाखाली हात घातला आणि दिव्यामागची तार उपसून बाजूला दुमडून ठेवली. झाकण उघडून पाणी काठोकाठ भरले. बाहेर येऊन फळ्यावर लिहिले: 'दिवा सदोष'. त्याचे अक्षर एरवी सरळ असे. ही ओळ जरा उतरती गेली.

व्यापाऱ्याने गाडी पुलापर्यंत नेऊन आणली. दिवा लागला नाही. तो उतरला तो रघुनाथाची पाठ थोपटतच. "अरे, दिवाच बिघडला होता! बाकी कुणाला सापडलं असतं का हे? वस्ताद आता खुशाल मिरजेला राहू देत!"

ती थाप रघुनाथाच्या पाठीवर दोन दिवस जड राहिली.

गुरुवारी दुपारी वस्ताद परतले. हातपाय धुण्यापूर्वी त्यांनी फळा वाचला, तशी त्यांची सवयच होती.

"दिवा सदोष. कशावरून?"

"बाकी सगळं नीट होतं, वस्ताद."

"हं," वस्ताद म्हणाले आणि तांब्या घेऊन मोरीकडे गेले. रघुनाथ त्या एका हुंकाराचा अर्थ लावीत राहिला.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला पांढरी मोटार पुन्हा चिंचेखाली येऊन उभी राहिली. व्यापाऱ्याबरोबर त्याची मुलगी होती. इस्त्रीचा पांढरा गणवेश, केसांना घट्ट चाप, हातात वह्यांचा गठ्ठा. ती शहरात परिचारिकेचे शिक्षण घेत होती आणि वाचनाच्या सुटीसाठी घरी आली होती.

"रघू, आज तुलाच गाडी घ्यायचीय," व्यापारी म्हणाला. "आमचा ड्रायव्हर गेलाय जत्रेला. घाटात मला गाडी झेपत नाही, दरी दिसली की पाय लटलटतात. अनूची दोन वाजता शेवटची तोंडी परीक्षा आहे."

"दोन म्हणजे दोन," अनुजा म्हणाली. "दोनला फाटक बंद होतं. मी सातच्या एसटीनं जाणार होते. बाबांनी सोडायला लावली."

"घरात गाडी असताना एसटी कशाला? आणि तीही आत्ताच ठणठणीत केलेली!"

रघुनाथाने विचारले, "परीक्षा चुकली तर?"

"तर सहा महिने थांबायचं. पुढच्या महिन्यात रुग्णालयात रुजू व्हायचंय, ते काय थांबणारेत माझ्यासाठी?" ती सहज म्हणाली, जणू ते घडणे शक्यच नव्हते.

बोलायचे असेल तर हीच वेळ होती. शहर दोन तासांवर. दुसरे वाहन शोधायला अजून अवकाश होता. रघुनाथाने ओठ उघडलेही. पण व्यापारी त्याच्याकडे अशा विश्वासाने पाहत होता की ते वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेले. काठोकाठ पाणी भरले आहे, त्याने स्वतःला सांगितले. एक घाट तर आहे. चढेल.

"मलाही शहरात जायचंय," वस्ताद मागून म्हणाले. "बेअरिंग आणायचंय. मी पुढं बसतो." त्यांनी आपली कापडी पिशवी पायाशी ठेवली आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवायला लावला. कशाला, असे रघुनाथाने विचारले नाही. विचारण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

त्याने किल्ली फिरवली. चालकासमोरचे दिवे नेहमीप्रमाणे क्षणभर उजळले आणि विझले. पाच दिवे. खरे तर सहा लागायला हवे होते. रघुनाथाने वस्तादांकडे पाहिले नाही.

पहिली काही मैलांची वाट सपाटीची होती. काचा बंद होत्या, एसी चालू होता, मागे व्यापारी सुखाने बसला होता. अनुजा वही उघडून पुटपुटत होती.

"मोठ्यानं वाच की," बाप म्हणाला. "आम्हालाही जरा ज्ञान होऊ दे."

"ऐका मग. शरीराचं तापमान वाढणं हा रोग नव्हे, ते रोगाचं लक्षण होय. लक्षण शमलं म्हणजे रोग गेला, असं मानू नये. कारणाचा शोध घ्यावा."

"बरोबर आहे," व्यापारी म्हणाला. "आपल्या रघूनं तेच केलं. बाकीचे बसले असते इंजिन उघडून!"

 रघुनाथाला स्टिअरिंग निसटते आहे असे वाटू लागले. घाट सुरू झाला होता. पहिल्या वळणाला त्याने दुसरा गियर टाकला आणि कान इंजिनाकडे लावले. आवाज ठीक होता. की जरासा कोरडा होता? सवयीने डोळे दिव्याच्या जागेकडे जात होते. तिथे अंधार होता. दिवा विझलेला असणे आणि दिवा मेलेला असणे यांत दिसायला काहीच फरक नसतो, हे त्याला आज प्रथमच कळत होते. मंगळवारपर्यंत त्या काळ्या ठिपक्याकडे पाहून त्याला धीर येत असे; आता त्याच ठिपक्याची भीती वाटत होती. एसी बंद करावा, इंजिनावरचा भार तेवढाच कमी होईल, असे त्याला वाटले. पण बंद केला तर कारण सांगावे लागले असते.

दुसऱ्या वळणाला वस्तादांनी हात पुढे करून एसी बंद केला आणि आपली काच खाली घेतली.

"अहो वस्ताद, उकडतंय की!" मागून आवाज आला.

"वारा बघा किती छान आहे," वस्ताद म्हणाले.

तिसरे वळण. एक दगडांचा ट्रक पुढे कण्हत चालला होता आणि त्याच्यामागे पहिल्या गियरमध्ये रांगावे लागत होते. वस्ताद डोळे मिटून बसले होते. त्यांच्या नाकपुड्या मात्र किंचित हलत होत्या. मग रघुनाथालाही तो वास आला. गोडसर, काकवी कढत असावी तसा. म्हणजे पाणी वाफ होऊन कुठून तरी निसटते आहे.

वस्तादांनी डोळे उघडले, बाकीच्या काचाही खाली घ्यायला सांगितल्या आणि हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवून त्याचा पंखा पूर्ण वेगाने सोडला.

भट्टीचे दार उघडावे तसा वारा गाडीत शिरला.

"अहो, हे काय करताय?" व्यापारी किंचाळला. "वैशाखात हीटर? डोकं ठिकाणावर आहे ना? पोरीच्या कपड्यांची इस्त्री गेली, परीक्षक काय म्हणतील!"

अनुजाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने वही मिटून वाऱ्यापासून छातीशी धरली. "ओरडू नका, बाबा. वस्ताद उगाच काही करायचे नाहीत."

रघुनाथही गोंधळला. गाडी तापत असताना आणखी उष्णता? ही आपल्याला केलेली शिक्षा आहे, असेच त्याला वाटले.

"रघू," वस्ताद शांतपणे म्हणाले, "दिवा बघ. लागलाय का?"

पुढे ट्रक होता, डावीकडे दरी, मागे दोन माणसांचा श्वास. 

"लागणार नाही, वस्ताद. तार मी काढलीय. कारण सापडलं नव्हतं मला."

मागे व्यापारी सीटच्या पाठीला धरून पुढे झुकला.

"बरं," वस्ताद म्हणाले. "मग आता दिव्याचं काम हातानं करायचं. डावा तळवा हीटरच्या त्या झरोक्यावर ठेव. गरम वारा येतोय तोवर आत पाणी फिरतंय. वारा गार झाला, की जिथं असशील तिथं गाडी बाजूला घे. गियर टाकण्यापुरता हात काढ, पुन्हा तिथंच ठेव."

अशी दोन वळणे गेली. तळवा भाजत होता आणि रघुनाथ मनोमन प्रार्थना करीत होता की तो भाजतच राहो. पाचव्या वळणापुढे रस्ता थोडा रुंद होऊन उंबराच्या सावलीत सपाट जागा आली, आणि त्याच क्षणी झरोक्यातला वारा कोमट झाला, मग गार. त्याने गाडी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केले. बॉनेटच्या फटींतून वाफेची एक पांढरी रेघ वर गेली.

बारा वाजायला दहा मिनिटे होती.

व्यापारी उतरला आणि थेट डिकीकडे धावला. "पाणी! पाणी ओता त्याच्यावर!"

वस्तादांनी कॅनवर हात ठेवला. "तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकेल. आणि झाकण आत्ता उघडलं तर उघडणाऱ्याचं तोंड भाजेल. पाऊण तास थांबायचं."

"पाऊण तास! फाटक बंद होईल तिकडं!"

व्यापाऱ्याने दगडांच्या ट्रकमागे धावून पाहिले, पण ट्रक वळणाआड गेला होता. मग एक जीप आली ती माणसांनी इतकी खच्चून भरलेली की चालकाने नुसता हात हलवला. पुढची एसटी दीडला होती. अनुजा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून पुन्हा वाचू लागली. पण तिचे पान बराच वेळ उलटले गेले नाही, हे रघुनाथाने पाहिले.

व्यापारी परत येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. "तार काढलीस? आणि मी मूर्ख, चारचौघांत तुझी पाठ थोपटली!"

"त्यामुळंच बोलता आलं नाही, शेठ," रघुनाथ म्हणाला. "आधी तुमच्या बोलण्याला भ्यालो. मग तुमच्या शाबासकीला."

"छान! म्हणजे दोष माझाच की!"

"नाही. माझाच."

वस्ताद उंबराच्या मुळीवर बसले होते. त्यांनी दोघांनाही जवळ बसवले. "हीटर का लावला, विचारत होतात ना? इंजिनातली उष्णता कुणी नाही म्हटल्यानं नाहीशी होत नाही, शेठ. ती कुणीतरी अंगावर घ्यावीच लागते. रोज ती रेडिएटर घेतो आणि वाऱ्याला देतो. आज त्याला एकट्याला पेलेना, म्हणून थोडी आपण चौघांनी घेतली. हीटर म्हणजे तरी काय? इंजिनाचंच पाणी आपल्या बाजूला आणून निववायचं. आपल्याला घाम आला, इंजिन वाचलं."

मग ते शिष्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच रघुनाथाला अधिक लागले.

"मंगळवारी बाकावर शेठ जे बोलले, ती धग तुझ्या वाट्याची होती. कारण सापडलं नाही, गाडी ठेवून जा, एवढं बोलून ती तू घेतली असतीस तर चिंचेखाली घटकाभरात निवली असती. तू ती टाळलीस. टाळलेली धग विझत नाही रे, पुढं सरकते. तुझ्याकडून इंजिनात गेली आणि इंजिनातून त्या पोरीपर्यंत आली. तिचा काय संबंध होता?"

रघुनाथाने कठड्याकडे पाहिले. मुलगी घड्याळ बघत होती.

"एक मिनिट," व्यापारी एकदम म्हणाला. तो व्यापारी होता. कुठे काय कमी आहे हे त्याच्या नजरेतून सुटत नसे. "तुम्ही कॅन घेतलात, पुढं बसलात. म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं!"

"संशय होता. किल्ली फिरवली तेव्हा सहावा दिवा लागला नाही, तेव्हा खात्री झाली."

"आणि गप्प बसलात? अहो, तेव्हा बोलला असतात तर मी दुसरी गाडी केली असती!"

वस्तादांनी कठड्यावर बसलेल्या मुलीकडे पाहिले. 

"खरं आहे," ते म्हणाले. "त्यानं आपणहून बोलावं, असं माझ्या मनात होतं. पुढच्या वळणाला बोलेल, त्याच्या पुढच्या वळणाला बोलेल, म्हणत राहिलो. शिकवण्याच्या नादात मी दुसऱ्याच्या लेकीची वेळ पणाला लावली. हे चुकलंच."

 व्यापारी मुलीजवळ जाऊन बसला आणि वहीने तिला वारा घालू लागला.

साडेबाराच्या सुमारास वस्तादांनी बॉनेटला पालथा हात लावून पाहिला. "ये. फडकं घे. सावकाश उघड."

रघुनाथाने फडक्याने झाकण धरले, थोडे फिरवले, सुस्कारा निघून जाऊ दिला आणि मग काढले. पाणी तळाला गेले होते. तो झाकण बाजूला ठेवून कॅन उचलणार, तोच वस्ताद म्हणाले, "हातात काय आहे?"

"झाकण."

"या आठवड्यात किती वेळा उघडलंस?"

रघुनाथाने मनाशी मोजले. "सात-आठ वेळा तरी."

"बघ त्याच्याकडं."

त्याने झाकण उलटे केले. आतल्या बाजूची रबरी चकती वाळून तडकली होती आणि तिचा नखाएवढा तुकडा उडालेला होता. तो पाहतच राहिला. नळ्या, पट्टा, पंप, पंखा, जाळी, सगळीकडे त्याने शोधले होते. आणि शोधायला जाताना प्रत्येक वेळी जे उघडून बाजूला ठेवले, तेवढेच पाहायचे राहिले होते. त्याच्या हातात असलेली वस्तू हीच कारण होती.

अनुजा मागून डोकावली. "हे तर आमच्या कुकरच्या रिंगसारखं झालं. रिंग गेली की शिट्टी होत नाही, नुसती वाफ जाते आणि खालचं पाणी आटतं."

"शाबास, पोरी," वस्ताद म्हणाले. "दाब धरून ठेवला तर पाणी लवकर उकळत नाही. रबर गेलं, दाब सुटला, चढाला वाफ होऊन पाणी उडत राहिलं. मग पुठ्ठ्यावर थेंब पडणार कुठून?"

त्यांच्या कापडी पिशवीत सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, पाते आणि एक कंपास होता. वस्तादांनी ते रघुनाथाच्या हाती दिले आणि स्वतः मागे सरले. रघुनाथाने चकती आखली.  पहिली वाकडी कापली गेली. त्याने ती फेकून दिली, श्वास घेतला आणि दुसरी कापली. ती बसली. पाणी भरले, झाकण लावले.

मग कुणी न सांगता तो डॅशबोर्डाखाली वाकला, दुमडलेली तार सरळ केली आणि होती तिथे जोडली.

किल्ली फिरवताच दिवे उजळले. सहा. सहावा तांबडा होता, आणि तो लागलेला पाहून रघुनाथाच्या डोळ्यांत पाणी आले. पळभरात तो विझला. या विझण्यावर आता विसंबता येणार होते.

उरलेला घाट त्याने काचा उघड्या ठेवून, हीटर चालू ठेवून, सावकाश चढवला. कुणी तक्रार केली नाही. माथ्यावर पोचल्यावर हीटर बंद केला तेव्हा व्यापाऱ्याने एवढेच म्हटले, "गार वाऱ्याची किंमत आज कळली." सपाटीवर गाडीने वेग घेतला. तासभर रघुनाथाची नजर रस्ता, घड्याळ आणि तो काळा ठिपका यांच्यात येरझाऱ्या घालीत होती. शहराच्या वेशीवर रेल्वेचे फाटक लागलेले होते. तिथे गेलेली चार मिनिटे त्याला सगळ्या घाटापेक्षा लांब वाटली.

महाविद्यालयाच्या दारात गाडी थांबली तेव्हा दोन वाजायला तीन मिनिटे होती. रखवालदाराने फाटकाच्या कडीला हात घातला होता. अनुजा चुरगळलेल्या, घामाने भिजलेल्या गणवेशात धावली, आत शिरली, आणि वळून तिने हात हलवला. तो बापाला होता की वस्तादांना, हे रघुनाथाला कळले नाही. आपल्याला होता असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे मात्र कळले.

त्या दिवशी गॅरेजात परतल्यावर रघुनाथाने 'दिवा सदोष' हे शब्द पुसले आणि त्या जागी लिहिले: 'झाकणाचे रबर'. खडू ठेवून तो मागे सरला, तेव्हा वस्ताद पुढे झाले. त्यांनी तोच खडू उचलला आणि त्याच्या ओळीखाली आपल्या थरथरत्या अक्षरात दोन शब्द जोडले: 'दोघांचे मौन'.

पुढे पावसाळा संपल्यावर एक दिवस कुणी परगावचा गृहस्थ चिंचेखाली उभा राहून मोठमोठ्याने बोलत होता. त्याची गाडी दोन दिवस आत होती. कसले कारागीर, कसले गॅरेज, एवढेही जमत नाही तर पाटी कशाला लावता, असे बरेच काही तो बोलला. बाकावरची माणसे ऐकत होती. रघुनाथ हात पुसत बाहेर आला आणि त्याच्यासमोर, ऊन तोंडावर घेत, उभा राहिला.

"कारण अजून सापडलेलं नाही," तो म्हणाला. "गाडी उद्याही ठेवावी लागेल."

गृहस्थ आणखी काही वेळ बोलला, मग थांबला, मग बाकावर बसून त्याने प्यायला पाणी मागितले. आत वस्ताद पाने पुसून भिंतीला लावीत होते. त्यांनी मान वर केली नाही. भिंतीवरच्या फळ्याचा उजवा रकाना कोरा होता.

आपल्याही समोर कधी एखादा तांबडा दिवा लागतो. तेव्हा तारेकडे हात जाण्यापूर्वी एवढे विचारावे, की ही धग आपण टाळली तर ती कुणापर्यंत जाईल.